कुंपणापलीकडची बाई

लीलाधरने पुठ्ठ्याच्या चौकटीतली स्लाइड उजेडासमोर धरली, ब्रशने तिच्यावरची धूळ झटकली आणि ती स्कॅनरच्या फटीत सरकवली. यंत्र घरघरले. पडद्यावर वरून खाली, पट्टीपट्टीने, एक तरुण बाई उतरू लागली. आधी डोक्यावरचा पदर, मग कपाळ, मग गालावरचा फिकट चट्टा.

“ही नानीबाई,” मागच्या स्टुलावर बसलेले हिलालनाना म्हणाले. “चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी पाडा आहे तिचा. गोळ्यांनी पूर्ण बरी झाली.”

नानांची सगळी नोकरी कुष्ठरोगाच्या खात्यात गेली होती. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास त्यांनीच हा फोटो काढला आणि पुढे कितीतरी वर्षे गावोगाव पांढऱ्या चादरीवर दाखवला. छडी चट्ट्यावर टेकवायची आणि लोकांना सांगायचे, हा शाप नाही, याला औषध आहे. आता एका प्रशिक्षण केंद्राला त्यांच्या स्लाइड सीडीवर हव्या होत्या, आणि जळगावात ते काम करणारे यंत्र लीलाधरच्या दुकानात नुकतेच आले होते.

“फार काळवंडलीय, नाना. जरा उजळतो.”

लीलाधरने माउस हलवला. झोपडीच्या कुडावर ऊन आले. डावीकडचा काळा कोपरा हळूहळू करडा झाला आणि काटेरी कुंपणापलीकडे एक बाई उभी दिसली. तिच्या हातात झाकलेली टोपली होती.

“ही कोण?”

नाना पडद्याजवळ सरकले. चादरीवर ही त्यांना कधी दिसली नव्हती.

“माहीत नाही.”

“कापून टाकू? चट्टा मोठा दिसेल.”

“नको. राहू दे.” नाना जरा वेळ नानीबाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. “या सीडीच्या आणखी सीडी निघतात का?”

“हव्या तेवढ्या.”

आजवर ती स्लाइड नानांच्या पेटीत असायची. दाखवायची तेव्हा ते दाखवत, नाहीतर पेटी बंद.

“मग तिला आधी विचारायला हवं,” ते म्हणाले. “एक कागदावर काढून दे.”

दोन दिवसांनी ते चोपड्यापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने पाड्यावर पोचले. नानीबाईच्या अंगणात मोहफुले वाळत होती. चट्टा कधीच पुसला गेला होता. डाव्या हाताची दोन बोटे तेवढी वाकडी राहिली होती. नानांनी कागद तिच्या हातात दिला आणि येण्याचे कारण सांगितले.

“हाऊ फोटू आते डॉक्टरस्ले दखाडतीन. चाली का तुले?”

“दखाडा ना, नाना. मानूस बरं व्हस, हाई लोकस्ले कळाले जोयजे.”

ती आणखी काही बोलणार होती. पण तिचे वाकडे बोट कोपऱ्यावर थांबले.

“हाई त रुपली शे.”

रुपली तिची मोठी बहीण, त्याच पाड्यात दिलेली. आजार दिसला तेव्हा सासरच्यांनी नानीबाईला शेताच्या टोकाला झोपडी बांधून दिली आणि तिकडे पाड्यातल्या कोणीच फिरकायचे नाही असे ठरले. अधूनमधून कुंपणाला भाकरीची टोपली अडकवलेली असे. माहेराहून आई कोणाबरोबर तरी धाडत असेल, असे नानीबाईने धरले. त्याच साली आई गेली, विचारायचे राहिले. बरी होऊन परतल्यावर एका लग्नात, चारचौघांत, ती रुपलीला म्हणाली होती की सख्खी असून तू एकदा तोंड दाखवलं नाहीस. रुपलीची सासू शेजारीच उभी होती. रुपलीने मान खाली घातली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

“माय धाडे, असं वाटे माले,” नानीबाई म्हणाली.

तिने कागद नानांना परत दिला, पदर सारखा केला आणि चालू लागली. नाना मागून गेले.

रुपली ओट्यावर तुरी निवडत होती. सासू जाऊनही बरीच वर्षे झाली होती. तिने आधी बहिणीकडे पाहिले, मग नानांकडे.

“काय शे?”

नानीबाई ओट्याच्या कडेला टेकली.

“भूक लागनी,” ती म्हणाली. “भाकर शे का?”

रुपलीच्या हातातले सूप तसेच राहिले. मग ती उठली. आतून भांड्यांचा आवाज आला. भाकरी आणि मिरचीची चटणी घेऊन ती बाहेर आली आणि थाळी तिने नानीबाईपुढे ठेवली. क्षणभर तशीच उभी राहिली. मग वाकून तिने थाळी थोडी अलीकडे, दोघींच्या मधोमध ओढली आणि समोर बसून भाकरीचा तुकडा मोडला.