निखारे झाकताना

डोलीनानं संग्रहालयातली दोरी वर उचलून धरली आणि आईला खालून आत घेतलं.

"अगं, दोरीच्या आत नाही जायचं!" राखणीला बसलेला रुअरी ओरडला. "पाटी तूच रंगवलीस ना?"

"खुर्ची आमची आहे, रुअरी. फडताळही आमचंच."

"होतं. आता ते बेटाचं झालं. बरं, बसू दे बेथागकाकूंना. पण फडताळावरच्या त्या चिनी मातीच्या शोभेच्या कुत्र्यांना हात लावू नका म्हणावं. एकाचा कान मीच चिकटवलाय."

जुन्या शाळेच्या या खोलीत बेटावरचं पूर्वीचं स्वयंपाकघर मांडलं होतं. बेथागचं घर रिकामं केलं तेव्हा डोलीनानंच सामान आणून दिलं होतं: लोणी घुसळायचं लाकडी पिंप, साखळीला टांगायचं काळं भांडं, निळ्या काठाच्या बशा. चुलीत पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून सुकवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा रचून मागे तांबडा दिवा लावला होता.

गेल्या हिवाळ्यापासून बेथागला पोटची लेक ओळखू येत नव्हती. कधी ती तिला नर्स म्हणे, कधी पोस्टातली बाई. उद्याच्या बोटीनं तिला ग्लासगोच्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. आईनं एकदा, फक्त एकदा ओळखलं, तर ग्लासगो गेलं खड्ड्यात, तिला घरीच ठेवायचं, असं डोलीनानं मनाशी पक्कं केलं होतं. आशा वेडी होती, पण तेवढीच उरली होती.

बेथाग खुर्चीत बसली मात्र, तिची पाठ ताठ झाली. तिनं न बघताच पिंपाचं झाकण सरळ केलं. बशीवरून अंगठा फिरवला, धूळ पाहिली आणि नाक मुरडलं. कित्येक महिन्यांत आईचे हात असे चालले नव्हते.

"अगं बाई, आग अजून तशीच?" म्हणत बेथाग गुडघ्यांवर उतरली.

चूल रात्री विझू द्यायची नाही. निखाऱ्यांचे तीन भाग करायचे, मध्ये पीट घालून राखेनं झाकायचे आणि छपराखाली झोपणाऱ्या एकेकाचं नाव घेऊन त्याला देवाच्या हवाली करायचं. हे काम घरच्या बाईचं, आणि बेथागनं ते जन्मभर केलं होतं.

तिनं डिंकानं चिकटवलेल्या विटा ओढून काढल्या. रुअरी पुढे धावला, तसं डोलीनानं त्याला हातानंच थांबवलं. बेथाग तांबड्या दिव्याभोवती विटा बसवत पुटपुटू लागली.

"पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. सांभाळ रे देवा माझ्या कॅलमला. माझ्या नीलला."

कॅलम, तिचा नवरा, टेकडीवरच्या दफनभूमीत होता. मुलगा नील समुद्रात गेला, तो सापडलाच नाही.

"आणि माझ्या डोलीनाला."

डोलीनाला हुंदका आवरेना. ती खाली बसली आणि तिनं आईचा हात घट्ट धरला.

"आई, मी इथंच आहे गं."

बेथागनं चमकून मान वळवली. बराच वेळ ती तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. मग तिनं आपल्या बाहीनं तिचे डोळे पुसले.

"कुणाची गं तू, पोरी?"

रुअरी टोपी हातात घेऊन खिडकीकडे वळला.

"रडू नको. घरी कुणी बोललं का तुला? बस इथं. आग झाकली तरी ऊब राहते. माझी लेक येईलच आता. तुझ्याहून लहान आहे, पण लाघवी आहे हो, कुणाला परकं वाटू देत नाही. तिच्यासाठीच कडी घातली नाही मी."

डोलीनानं तिला उठवून खुर्चीत बसवलं आणि स्टूल ओढून घेतलं.

"उशीर झाला का तिला?"

"झाला थोडा. पण येईल. न येऊन जाते कुठं?"

डोलीना तिच्या शेजारी बसली आणि दोघी दाराकडे बघत राहिल्या.