तीन हातांनी भरलेलं पाणी

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी रबरी नळी आहे खरी, अंगावर तेलाचे डाग आहेत, एका टोकाला चीर आहे. पण एका लाल स्पोर्ट्‌स कारच्या पोटात मी माझं अख्खं तारुण्य काढलं आहे. लोक त्या गाडीचा रंग बघतात, दार उघडून बंद करतात, आत बसून फोटो काढतात. इंजिनातलं तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत कोण नेतं, हे एकाने कधी विचारलं असेल तर शपथ. मी नेत होते.

माझा जन्म कारखान्यातला. काळं रबर कणकेसारखं मळलं, त्यात दोऱ्यांचं जाळं विणलं, वाकड्या सळईवर चढवून भट्टीत भाजलं. त्या सळईचं वळण अंगात कायमचं बसलं. शेजारच्या सरळ नळ्या मला हसल्या. हसू देत. इंजिनाच्या मागच्या अंधाऱ्या फटीतून वळसा घालून जायचं, ते काय त्या ताठ अंगाच्यांना जमणार होतं?

माझं सासर म्हणजे मोठं खटलं. इंजिन घरातला कर्ता, सगळं कौतुक त्याचं आणि डोकं सदा तापलेलं. रेडिएटर पुढे छाती काढून बसलेला. पंखा काम थोडं करणार आणि आवाज फार. या सगळ्यांनी थंड राहावं म्हणून उकळतं पाणी पोटात घेऊन धावायची ती मी. त्या पाण्यात रंगीत औषध असतं, त्याला कूलंट म्हणतात. कधी एक थेंब सांडला नाही माझ्या हातून.

मालकाचा धाकटा भाऊ घरामागच्या गल्लीत गॅरेज चालवायचा. त्याने एकदा मला दाबून बघितलं आणि म्हणाला, "दादा, ही अजून टणक आहे. तुझ्यापेक्षा बरी." एवढीच शाबासकी मिळाली उभ्या जन्मात. ती मी अजून जपून ठेवली आहे.

पुढे मालक निवृत्त झाले. गाडी पुसणं, रोज तिला फिरवून आणणं, गाडीशी बोलणं, हेच त्यांचं काम उरलं. मालकीणबाईंना गाडी डोळ्यांसमोर नको असायची. एका लग्नाला जाताना ती भर चौकात बंद पडली होती आणि नवी साडी नेसलेल्या बाईंना ढकलावी लागली होती. तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "पुन्हा हिने रस्त्यात मान टाकली, तर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करीन." बाई बोलल्या म्हणजे बोलल्या.

म्हणूनच मी घाबरले, मित्रांनो, जेव्हा माझ्या टोकाशी ओल आली.

पहिल्यांदा ती मालकांना दिसली. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. पान्हा घेतला आणि माझ्या टोकावरची पत्र्याची क्लिप आवळली. दुसऱ्या दिवशी अजून आवळली. मायेनेच आवळत होते, पण क्लिपची धार माझ्या अंगात रुतत गेली आणि आत चीर पडली. मी ओरडणार कशी? इंजिन गार असलं की चीर मिटायची. इंजिन तापून पाण्याला जोर आला की तोंड उघडायची. आणि गळलेला थेंब खाली जमिनीवर पडतच नव्हता, तापलेल्या लोखंडावर पडून वाळून जायचा. कोणी गाडीखाली वाकून बघितलं तरी जमीन कोरडी.

रेडिएटरजवळच्या कूलंटच्या टाकीतलं पाणी रोज थोडं कमी व्हायचं आणि रोज कोणीतरी ते भरायचं. सकाळी मालक यायचे, हिरवं कूलंट ओतून चोरासारखे परत जायचे. दुपारी त्यांची लेक यायची. बाबांना कळलं तर झोप उडेल म्हणून ती गुलाबी कूलंट ओतायची. दोघांनाही वाटायचं, अरे वा, आज पातळी चांगली आहे. आणि संध्याकाळी आणखी एक हात यायचा, हातात स्वयंपाकघरातला तांब्या आणि तांब्यात साधं पाणी. कोणाचा हात, ते सांगते पुढे.

टाकी भरलेली, सगळे खूश, आणि माझी चीर रोज वाढते आहे. आपल्याला काय झालंय हे आपल्याला माहीत आणि घरात कोणालाच नाही, यासारखी धास्ती दुसरी नाही.

अशात बाईंच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. डोंगरापलीकडे राहायची ती, एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन ठरलं होतं. "तू असलीस तरच आत जाईन," म्हणाली. बस पोचायची दुपारी. बाईंनी पदर खोचला आणि लेकीला म्हणाल्या, "काढ तुझ्या बाबांची ती लाडकी."

माझं तर अंगच गार पडलं. डोंगराचा चढ म्हणजे इंजिन लालबुंद. माझी चीर वळणावर फाटली असती, पाणी एका दमात गेलं असतं आणि मायलेकी घाटात अडकल्या असत्या. तिकडे ती बहीण दाराकडे डोळे लावून बसणार.

त्या संध्याकाळी लेक पेट्रोल भरून येत होती. तापमानाचा काटा चढला. गाडीत कूलंटचा गोडसर वास पसरला. तिने गाडी सरळ काकाच्या गॅरेजमध्ये घातली, उतरली आणि टाकीच्या झाकणाला हात घातला.

"हात काढ!" काका एवढ्या जोरात ओरडला की हातातला चहा सांडला. "उकळतं पाणी तोंडावर येईल, बये! गार होऊ दे."

तोवर ओरडा ऐकून मालक आणि बाईही धावत आले. गाडी गार झाली तसं काकाने फडकं धरून झाकण सावकाश उघडलं, आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय आहे? कूलंट की नाल्याचं पाणी? वेगवेगळी कूलंट एकत्र केली की गाळ होतो, हे शंभरदा सांगितलंय. दादा, काय ओतलंस?"

"हिरवं," मालक पुटपुटले. "थोडंसंच."

"मी गुलाबी," लेक म्हणाली. "बाबा, तुम्हीपण?"

"हिरवं आणि गुलाबी. तरी एवढं पातळ कसं?" काकाने बोटावर घेऊन चोळलं. "यात साधं पाणी आहे. बरंच आहे."

बाई उगाच भिंतीवरच्या टायरकडे बघत होत्या.

"वहिनी?"

"मग काय करू?" बाई उसळल्या. "रोज टाकी रिकामी दिसायची. उद्या बंद पडली तर मला फोन करावा लागला असता ना भंगारवाल्याला! बोलून बसले होते. आणि गाडी गेल्यावर हा माणूस दिवसभर कोणाशी बोलणार? माझ्याशी? मला कामं आहेत."

मालकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

"ते प्रेमाचं नंतर बघा," काका म्हणाला. "तिघांनी मिळून गळती अशी झाकलीत की डॉक्टरलासुद्धा सापडू नये. उद्या घाटात काय झालं असतं, कल्पना आहे?"

मग माझी शोधाशोध सुरू झाली. काकाने टाकीच्या तोंडावर हातपंप बसवून आत हवेचा दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू खाली आला. म्हणजे गळतं आहे. पण कुठून? खाली पुठ्ठा सरकवला, तो कोरडा. पुढच्या नळ्या चाचपल्या, त्या धडधाकट. मी मनात म्हणते, मागे बघ रे बाबा, मागे बघ! आणि त्याच दमात वाटायचं, नको बघूस. सापडले की संपलेच ना मी?

शेवटी त्याने इंजिन चालू करून तापू दिलं. लेकीने टॉर्च धरला, काकाने हातभर दांडीचा आरसा मागच्या फटीत घातला. आरशात मी स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं. क्लिपखाली वाळलेल्या थेंबांचा पांढरा थर, आणि त्याच्या कडेला थरथरणारा एक ताजा थेंब.

"सापडली," काका म्हणाला. मग क्लिपच्या स्क्रूवरचे ओरखडे बघून म्हणाला, "दादा, गळा आवळलास की रे हिचा."

इंजिन निवल्यावर मला उतरवलं. सगळा गाळ धुऊन काढला. माझ्या जागी नवी नळी आली, दुकानाचा वास येणारी, चकचकीत. मिरवत होती. मीही मिरवले होते. नवी क्लिप काकाने बेताने आवळली, एकाच रंगाचं कूलंट भरलं, आतली हवा काढली आणि पुन्हा दाब दिला. काटा हलला नाही. पण एका जागी नव्या नळीला लोखंडी कड घासत होती. काकाने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं, माझ्या चांगल्या भागाचा एक तुकडा कापला आणि लेकीच्या मनगटात कडं सरकवावं तसा त्या नळीवर चढवला.

उरलेली मी गॅरेजच्या खिळ्यावर लटकले.

पहाटे गाडी निघाली आणि तिच्या आवाजात मी नव्हते. आजवर चढाला मी सोबत असायचे, काय होतंय ते कळायचं. आता नुसतं लटकायचं आणि वाट बघायची. मालक गॅरेजमध्येच येऊन बसले. उठत होते, बसत होते. काका एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पुसत होता. चहा तसाच गार झाला.

फोन वाजला. बाईंचा आवाज खिळ्यापर्यंत आला.

"पोचलो. तिला आत्ताच आत नेलं, दारापर्यंत माझा हात धरून होती. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, काटा मधेच होता. पूर्ण घाट त्याच्यावरून नजर काढली नाही मी. आता घरी जाऊन जेवून घ्या."

मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याजवळ येऊन माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला.

मित्रांनो, गाडी असो की माणूस, काही कमी होत असेल तर गुपचूप भरून टाकू नका. कुठून गळतंय ते विचारा, आणि चारचौघांत विचारा. आणि पान्हा हातात आला म्हणून आवळत सुटू नका. बाकी माझं म्हणाल तर मी खिळ्यावर बरी आहे. माझा एक तुकडा अजून घाट चढतो.