डॉक्टरांची पाठ

रावजीला लोक पाठ चोळायला बोलवत, मत विचारायला नव्हे. त्यामुळे मुंबईहून शिकून रत्नागिरीत आलेले नवे डॉक्टर पालथे पडल्या पडल्या बोलू लागले, तेव्हा तो निमूट खोबरेल जिरवत राहिला.

"माणूस घाबरला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून रस सुटतो. छाती धडधडते, अंग ताठतं. पुस्तकात आहे."

"खंय सुटतो?"

डॉक्टरांनी हात मागे नेऊन जागा दाखवली. रावजीने तिथे अंगठा ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग एकाएकी पाठ पाटासारखी ताठ झाली.

"सुटला," रावजी म्हणाला.

"अरे, उगाच कसा सुटेल?"

"उगाच नाय, डॉक्टरांनू. ओटीवर तुमचा रोगी खोकला."