मिनिटाला पंचेचाळीस

चौल नाक्यावरच्या हरी रेडिओवाल्याच्या दुकानात गेलात, तर आधी चार शब्द ऐकून घ्यावे लागतात आणि मग वस्तू दुरुस्त होते. मिक्सर जळला तर तुमची चूक, पंखा कुरकुरतो तर तुमची चूक, आणि तुमची नसलीच तर मग लाइनमनची. हरीची चूक कधी नसायचीच. चाळीस वर्षं माणूस असा वागला आणि ते खपून गेलं, कारण हाताला गुण होता. लोक म्हणायचे, तोंड फाटकं असलं तरी काम चोख आहे.

त्या दिवशी तर तो सकाळपासूनच पेटलेला होता. नागावच्या कुलदीपचा चौथा फोन आला होता. कुलदीपनं आपल्या बागेत चार खोल्यांचा होमस्टे काढलाय, आणि पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून पुण्याहून एक जुना रेकॉर्ड प्लेयर विकत आणलाय. तक्रार काय, तर तो कधी बरोबर वाजतो आणि कधी घाईघाईनं.

"काका, जनरेटर लावला की गाणारा पंधरा वर्षांनी लहान होतो," कुलदीप म्हणाला.

"तुझा जनरेटर भंगार आहे. व्होल्टेज चढत असणार. येतो मी, पण पेट्रोलचे पैसे वेगळे घेईन."

हरी मीटर घेऊन गेला. घरच्या लाइटवर मीटर लावलं, दोनशे तीस. मग जनरेटर सुरू करायला लावला. तिथेही दोनशे तीस, एक इकडे ना तिकडे. आणि गाणारा तरी घाई करतच होता. पोरगं शेजारी उभं राहून बघतंय आणि आपलं मीटर आपल्याच तोंडावर आपल्याला खोटं पाडतंय, हे हरीला सहन होईना. त्यानं कुलदीपला पाणी आणायला पिटाळलं आणि मीटरचा दुसरा खटका फिरवला. सायकल्स मोजायचा. घरची लाइट पन्नास सायकलची, जनरेटर चोपन्न.

मग त्याला उमगलं. या जातीची मोटर व्होल्टेजला भीक घालत नाही. वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते, त्या तालावर ती फिरते. ताल वाढला की ती पळते, घटला की रेंगाळते. हरीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आयटीआयला शिकवलेलं होतं. पण शिकलेलं डोक्यात कुठेतरी पडून राहिलं आणि चाळीस वर्षांत हात तिथे गेलाच नाही.

त्यानं प्लेयर पालथा घातला. बुडाशी पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर छापलेलं होतं, पन्नास सायकल. हीच कंपनी, हेच मॉडेल, अशीच पट्टी त्यानं आणखी एका यंत्रावर पाहिली होती. तिच्यावर साठ होतं. त्यानं ते वाचलं होतं, मोठ्यानं वाचलं होतं, आणि पुढे गेला होता.

कुलदीप पाणी घेऊन आला तेव्हा हरी ओटीवर बसला होता. "काय झालं काका?" त्यानं विचारलं.

"माझं डोकं झालं. गप बस जरा," हरी म्हणाला.

ते दुसरं यंत्र होतं पद्माताईंचं. पद्माताई म्हणजे चौलच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई. हरी त्यांच्या शेजारच्या आळीतला, त्यांच्याहून सातआठ वर्षांनी लहान. ताई विशीत असताना मुंबईतल्या एका छोट्या कंपनीनं त्यांच्या दोन गाण्यांची एक लहान तबकडी काढली होती. कंपनी वर्षभरात बसली, तबकडी ट्रंकेत गेली. माहेरी प्लेयर नव्हता, सासरीही नव्हता. चाळीस वर्षं बाई सांगत होत्या की माझी रेकॉर्ड आहे, आणि चाळीस वर्षं कुणी ती ऐकली नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचा भाचा वरद, जहाजावर नोकरीला असतो तो, अमेरिकेच्या बंदरातून जुना प्लेयर घेऊन आला. तो चालायचा एकशे दहा व्होल्टवर. म्हणून हरीला बोलावलं. गणपतीचे दिवस, घरात पंचवीस-तीस माणसं. हरीनं दोनशे तीसचे एकशे दहा करणारा ट्रान्सफॉर्मर बसवला, झोकात तबकडी लावली, आणि स्पीकरमधून जाडाभरडा, ओढल्यासारखा आवाज आला. बाई आहे की बुवा, कळेना.

पद्माताई म्हणाल्या होत्या, "हरी, हे हळू फिरतंय. मी अशी नव्हते रे गात."

तेव्हा या शहाण्यानं काय करावं? मीटर काढून सगळ्यांना दाखवलं. "एकशे दहा. सुई बघा. यंत्र खोटं बोलत नाही, ताई. आठवणीत सगळ्यांचाच आवाज गोड असतो." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. माणसं हसली. हरीलाही बरं वाटलं, आपल्या बोलण्यावर माणसं हसली म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या पडवीतला मुलींचा गाण्याचा वर्ग बंद झाला. पेटीवर जे फडकं पडलं ते पडलंच. आणि त्या घरातून हरीच्या दुकानात नऊ वर्षांत साधी इस्त्रीसुद्धा आली नाही. दुरुस्तीला अलिबागला जायची. हरी म्हणायचा, बाईंना खरं सोसवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि वर नऊ वर्षं संन्याशालाच नावं ठेवत होता.

त्यानं कुलदीपच्या प्लेयरमधली मोटरवरची, तबकडी फिरवणारी कप्पी काढली, मापली, तशीच अलिबागला रितेशच्या लेथवर नेली. तशी पितळेची दुसरी कप्पी करायला लावली. अमेरिकेतल्या साठ सायकलवाल्या यंत्राची कप्पी बारीक असते. आपल्याकडच्या विजेवर ती जाड लागते. एवढासा फरक, करंगळीच्या नखाएवढा. रितेशनं अर्ध्या तासात करून दिली. हरी त्याच्यावरही खेकसला, उगाच.

पद्माताई बागेत सुपाऱ्या वेचत होत्या. हरीला पाहून त्या उभ्या राहिल्या, पण ये म्हणाल्या नाहीत.

हरीनं दोन्ही हातांनी कप्पी पुढे धरली आणि सगळं सांगितलं. ताल, साठ, पन्नास, पट्टी वाचली होती तेसुद्धा. "मिनिटाला पंचेचाळीस फेरे हवेत, ताई. तेव्हा साडेसदतीसच होत होते. तुमचा आवाज नव्हता तो. माझी चूक."

ताईंनी सुपाऱ्यांची टोपली खाली ठेवली.

"फेरे मोजता येतात?"

"हो. कडेला कागद चिकटवायचा आणि घड्याळ लावायचं."

"म्हणजे चौथीतल्या पोरालाही आलं असतं."

"हो."

"आणि तू मोजले नाहीस."

"नाही."

"हे गेले त्या आठवड्यात," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, "रोज म्हणायचे, पद्मे, तुझं ते गाणं लाव. मला वाटायचं, कीव करतायत. नाही लावलं मी. शेवटपर्यंत नाही लावलं. कळतंय का तुला मी काय सांगतेय ते?"

हरीनं मान हलवली. त्याला वाटलं, या बाईनं आता आपल्याला टोपली फेकून मारावी. मारली असती तर बरं झालं असतं.

"बसवून देतो आत्ता," तो म्हणाला.

"आत्ता नाही. इथे, माडाखाली, मला एकटीला सांगून सुटायचं नाही. चौघांत बोलला होतास ना, मग चौघांत परत घे. रविवारी देवळात भजनी मंडळ जमतं. त्यातल्या निम्म्या जणी होत्या त्या दिवशी. तिथे ये."

हरीला जन्मात कुणापुढे चुकलो म्हणायची सवय नव्हती. घरी गेल्यावर त्यानं बायकोवर राग काढला, भात गार आहे म्हणून. बायको म्हणाली, "भात गरम आहे. तुमचं काय बिनसलंय ते सांगा." त्यानं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मीपण हसले होते त्या दिवशी. मीही येते."

रविवारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात हरीनं ते यंत्र मांडलं. जुनी कप्पी तशीच ठेवली, तबकडी लावली, कडेला लाल कागदाचा तुकडा चिकटवला आणि गोदूबाईंच्या हातात घड्याळ दिलं. गोदूबाई मंडळातल्या सगळ्यात थोरल्या. तोच जाडा आवाज ओढत ओढत बाहेर आला. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"हसू नका," हरी ओरडला, "मोजा."

सगळ्या जणी मोठ्यानं मोजू लागल्या. मिनिट झालं तेव्हा सदतिसाच्या थोडं पुढे होतं. हरीनं कप्पी बदलली. स्क्रू दोनदा खाली पडला. मग सुई टेकवली.

मोजायचं कुणाला सुचलंच नाही. वीस वर्षांची मुलगी गात होती, स्वच्छ, टोकदार, वरच्या स्वराला न घाबरता. गोदूबाईंनी घड्याळ मांडीवर ठेवलं. "अगो, ही आपली पद्मी," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात अशीच गायली होती."

गाणं संपल्यावर हरी उभा राहिला. "नऊ वर्षांपूर्वी मी या बाईंना सगळ्यांदेखत खोटं पाडलं. यंत्र चुकीचं होतं. मीटर बरोबर होतं आणि मी गाढव होतो. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे." मग तो खाली बसला. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता.

चार जणी पद्माताईंच्या भोवती गेल्या. वर्ग पुन्हा कधी सुरू करता, असं कुणी विचारलं. ताई हरीकडे वळल्या.

"उचल ते. घरी चल."

घरी गेल्यावर त्यांनी यंत्र मधल्या खोलीत ठेवायला लावलं, खाटेच्या उशाशी. यजमान गेल्यापासून खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. ताईंनी ती उलगडली, चादर घातली, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या.

"लाव. आणि तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या.

हरी अंगणात येऊन उभा राहिला. आत गाणं सुरू झालं. गजांच्या खिडकीतून तबकडीवरचा लाल कागद फिरताना दिसत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि आज तो काढायला दुसरं कुणीच समोर नव्हतं, लाइनमन नाही, कुलदीप नाही, बायको नाही. त्यानं मनगट वर केलं आणि घड्याळाकडे बघत फेरे मोजायला सुरुवात केली. पंचेचाळीस भरले.

एक मिनिट लागलं होतं.