रुखमाला न आवडलेलं पुस्तक

वडशाजवळच्या एका खेड्यात दर सोमवारी संध्याकाळी वाचनमंडळ भरायचं. दिवसभर शाळेत घसा कोरडा झालेले लटारू गुरुजी चांद्याहून आलेल्या पुस्तकांची पेटी उघडत आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या गावकऱ्यांना विचारत, "काय वाचलं? कसं वाटलं?"

"चांगलं आहे जी," मुखरू म्हणे.

"लय चांगलं," आशाबाई म्हणे.

पोथीसारखं कपाळाला लावून पुस्तक परत केलं, की झालं मंडळ! छापलेल्याला वाईट म्हणणं म्हणजे पापच, अशी गावाची समजूत. गुरुजींनाही ते बरंच होतं, लवकर घरी जाता येई.

एका सोमवारी भाताच्या रोवणीवरून तशीच चिखलाच्या पायांनी आलेली रुखमा म्हणाली, "मले नाई आवडलं."

सगळे तिच्याकडे बघू लागले. सून सासरचा मार मुकाट सोसते आणि शेवटी देवी ठरते, अशी त्या पुस्तकातली गोष्ट होती.

"तिनं एकदाबी तोंड उघडलं नाई, गुरुजी. अन् लिवणारा तिलेच शाबासकी देऊन राह्यला. मले रागच आला."

थकलेले गुरुजी खेकसले, "काल अक्षरं शिकलीस, अन् आज पुस्तकाले नावं ठेवतेस?"

रुखमा पुस्तक ठेवून निघून गेली. पुढच्या सोमवारी ती आली नाही. तिने वाचणंच सोडलं, असं कानावर आलं.

म्हातारी सोनीबाई नुसती ऐकायला येऊन बसायची. तीच म्हणाली, "गुरुजी, वडशाले नाटक पाहाले जाता अन् ते पडलं तं तुमी काय करता?"

"उठून येतो."

"अन् रस्ताभर नावं ठेवता. मंग पोरीनं काय पाप केलं जी? तिनं पुरं वाचलं, म्हून तं राग आला. या चांगलं म्हणणाऱ्यायले गोष्ट पुसा बरं."

गुरुजींनी विचारलं. मुखरूने मान खाली घातली. त्याने पुस्तक उघडलंच नव्हतं. आशाबाईनेही नाही.

गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली. सकाळी ते रुखमाच्या दारात गेले. "तू ये. तुले काय आवडते, काय नाई, सारं सांग."

रुखमा थकल्या आवाजात म्हणाली, "आंग दुखून राह्यलं, गुरुजी. पण येईन. नाई आवडलं तं तसंच म्हणीन."

"म्हण. मलेबी ते पुस्तक आवडलं नवतं."

बंधुभगिनींनो, न वाचता कशालाही चांगलं म्हणता येतं. नावडायला मात्र वाचावं लागतं. कुणी 'नाही आवडलं' म्हणालं, तर त्याला गप्प बसवू नका. जवळ बसून कारण विचारा, "काऊन?"