बाहेरून कडी

चष्मेवाल्या काकांच्या दुकानाला सुट्टी असली की मागच्या खोलीत एक निराळंच गाव वसायचं. काचा घासायच्या यंत्रावर चादर पडायची, टेबलावर नकाशा पसरायचा आणि काका खेळ चालवायला बसायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि त्या नसलेल्या गावात लढायचं, चोऱ्या करायच्या, नाहीतर नुसतंच भटकायचं. काकू चोर होत्या. जन्मभर सरळ वागल्याची सगळी भरपाई त्या इथे करून घेत.

ताई वाटाडी होती. तिच्या पात्राला तलवार धड धरता येत नव्हती, जादू तर नावालाही नव्हती. तिने सगळा भर एकाच कौशल्यावर टाकला होता: स्थानिक माहिती. कुठली गल्ली कुठे निघते, कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्या वाटाडीला माहीत. खरी ताई मात्र या शहरात एकच रस्ता ओळखायची, मावशीच्या घरापासून कामापर्यंतचा. ती कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचं आणि मान खाली घालून घरी यायचं. ती नवऱ्याच्या घरातून पळून आली होती. कुठल्या शहरातून, ते मावशीशिवाय इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"खऱ्या गावात पाऊल टाकत नाहीस आणि खोट्या गावातल्या गल्ल्या पाठ करतेस," मावशी म्हणायची. तरी दर सुट्टीला तिला दुकानापर्यंत सोडायला यायची तीच.

या स्थानिक माहितीवरून सुरुवातीला फार कुरकुर चालायची. "या धर्मशाळेबद्दल मला काय माहीत आहे?" असं कुणी विचारलं की काका आपली टिपणं चाळत बसायचे आणि काकूंना जांभया यायच्या. शेवटी काकांनी नियमच बदलला. फासा चांगला पडला, तर ज्याने टाकला त्यानेच सांगायचं, आणि तो सांगेल ते त्या गावात खरं. फासा वाईट पडला, तरी सांगायचं. पण मग ती अफवा, आणि त्यात खोटं किती ते काका ठरवणार. तेव्हापासून गाव भराभर वाढलं. काकूंनी आपली शाळा तिथे आणून बसवली, वर तिला आग लावली. ताईने मात्र आपल्या आधीच्या आयुष्यातली एक वीटही तिथे नेली नाही. तिचं सगळं मनचं.

त्या दुपारी एक नवा गडी आला. लिफ्ट दुरुस्त करायचा, गावोगाव फिरायचा. चष्म्याची दांडी बदलायला आला होता, दुकान बंद दिसलं म्हणून मागच्या दाराने आत आला आणि खेळाचं ऐकून बसलाच. आवाज हळू, हाताला ग्रीसचा वास. काकांनी त्याला एक फेरीवाला दिला आणि त्याच्याही कागदावर स्थानिक माहिती लिहिली. फेरीवाल्याला गावाची माहिती नसून कसं चालेल?

काकूंच्या चोराला लपायला जागा हवी होती. लिफ्टवाल्याने फासा टाकला. उत्तम पडला.

"सांगा," काका म्हणाले. "काय माहीत आहे तुमच्या फेरीवाल्याला?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "एक गल्ली आहे. तोंडाशी लोखंडी फाटक, खाली एका बाजूला आत दबलेलं. आत एक उंच घर. जिन्यात फरशा संपल्या म्हणून मधेच वेगळ्या रंगाच्या बसवल्यात. अगदी वरच्या मजल्यावर एक दार आहे. त्याला कडी बाहेरून आहे."

ते फाटक ताईच्या ओळखीचं होतं. तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याने गाडी उलटी घेताना ते दाबलं होतं आणि दोष तिच्या माथी मारला होता. त्या वेगळ्या रंगाच्या फरशा तिने जिना पुसताना किती वेळा पुसल्या होत्या. आणि ती कडी.

"वा," काकू म्हणाल्या. "मस्त जागा. कोंडून घालतील म्हणजे पोटभर झोप तरी होईल."

नवऱ्याने पाठवलंय, एवढंच ताईच्या डोक्यात होतं. माणूस पाठवला, चष्म्याचं निमित्त केलं, आणि आता हा मला सांगतोय की सापडलीस.

"ताई, तुझ्या वाटाडीलाही ती गल्ली माहीत असणार," काका म्हणाले. "तूही काहीतरी भर घाल."

ताईने फासा उचलला, कारण न उचलणं जास्त नजरेत भरलं असतं. तो कितीवर पडला हे तिने पाहिलंही नाही. "ते वरचं दार," ती म्हणाली, "हिरवं आहे."

"नाही, तपकिरी," लिफ्टवाला पटकन बोलून गेला.

काकू हसल्या. "अहो, ती म्हणाली ना हिरवं, मग हिरवं. इथे आपलं गाव आहे."

लिफ्टवाला ओशाळला. "हो की. चुकलंच."

पण ताईला हवं ते कळलं होतं. मनातल्या दाराला कुणी असं दुरुस्त करत नाही. पाणी पिऊन येते, असं पुटपुटून ती पुढच्या भागात गेली. शटर खाली ओढलेलं होतं. बाहेर पडायचं तर मागच्या खोलीतूनच, त्याच्या खुर्चीला घासून. भिंतीभर आरसे होते आणि प्रत्येक आरशात तिचाच पांढराफटक चेहरा. तिने काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला. चष्म्याचे स्क्रू पिळायचा, बोटभराचाही नाही. त्याने काय होणार होतं? तरी मुठीत घट्ट धरला.

मागे पावलं वाजली.

"ताई, माझं काही चुकलं का?" लिफ्टवाला दारात उभा होता.

"तिथेच थांब," ती म्हणाली. "कुणी पाठवलं तुला?"

"पाठवलं? मला कोण पाठवणार?" त्याची नजर तिच्या मुठीकडे गेली आणि तो खरंच एक पाऊल मागे सरला. "काकांनी सांगितलं माहीत असलेलं सांगा, म्हणून सांगितलं. ते घर खरं आहे. तिथली लिफ्ट आम्ही बघतो. परवाच वर गेलो होतो."

"मग कडी?"

"तीच डोक्यातून जात नाही. कडी लावलेली होती आणि आतून एका बाईचा आवाज आला. मला वाटलं, काही मागतेय. तर तिने विचारलं, आज वार कोणता?"

त्या खोलीत आधी वारच हरवतात, हे ताईला कुणी सांगायला नको होतं.

"मी वार सांगितला. कडी काढू का, विचारलं. ती म्हणाली नको, तो खालीच आहे. आणि खरंच, खाली फाटकापाशी एक माणूस उभा होता. मला म्हणाला, बायकोला बरं नाही, तिला वाऱ्यात सोडत नाही. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, आपलं काम लिफ्टचं."

ताई काउंटरला टेकली. दुसरी बायको. आपण सुटलो म्हणजे ती खोली रिकामी झाली, असं ती धरून चालली होती. तिथे कुणी दुसरी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मघाची भीती गेली नाही. उलट वाढली. त्या बाईला सोडवायला बोलायचं म्हणजे नाव सांगावं लागणार, पत्ता सांगावा लागणार, आणि कधी ना कधी ते त्याच्या कानावर जाणार.

काका-काकू दारात येऊन उभे होते. कितपत ऐकलं होतं कोण जाणे, पण काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं होतं.

"काका, फोन द्या," ताई म्हणाली. "आणि कुणीतरी माझ्याजवळ बसा."

काकू बसल्या. मदतीच्या नंबरवरच्या बाईने तिला नाव विचारलं. ताईने सांगितलं, मग शहर सांगितलं, गल्ली, मजला, आणि कडी उघडताना आधी जरा वर उचलावी लागते हेही. लिफ्टवाल्याने फोन घेऊन आपण काय ऐकलं ते सांगितलं. साहेब काय म्हणतील, असं मधेच स्वतःशी म्हणाला आणि तरी बोलत राहिला. मावशीला बोलावून घेतलं. ती आली, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "पाणी तरी प्यायलीस का?"

दुसऱ्या दिवशी मदतीच्या नंबरवरून फोन आला. कोंडलेल्या बाईला बाहेर काढलं होतं. वयाने ताईपेक्षा लहान, माहेरी कळवलं होतं, भाऊ न्यायला निघाला होता. नवऱ्याला पोलिसांनी नेलं होतं. पण तो सुटून येऊ शकतो, सावध राहा, असंही फोनवरच्या बाई म्हणाल्या. "तिने विचारलंय, ज्यांनी फोन केला त्यांच्याशी बोलता येईल का."

ताईला लगेच हो म्हणवेना. मावशीच्या दाराला नवीन कुलूप बसलं होतं, कामावरून न्यायला काकू येणार होत्या, तरी रस्त्यात कुणी मागून चाललं की ती थांबून त्याला पुढे जाऊ द्यायची. संध्याकाळी मात्र तिने स्वतःच सुटलेल्या बाईचा नंबर मागून लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी आहे," ताई म्हणाली. "घाई नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल."