पुठ्ठ्यात गेलेले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. एका नावाजलेल्या ग्रंथाच्या चामडी वेष्टनाखाली मी बसलो आहे. लोक तो ग्रंथ डोळ्यांना लावतात, तेव्हा खरे तर मलाच लावतात. त्याआधी मी स्वतः तर्कशास्त्राचे पुस्तक होतो.

मदरशातल्या उस्तादांनी अकरा वर्षे खपून मला लिहिले. प्रत एकच. "कुराण पुन्हा पुन्हा विचारतं, तुम्ही विचार करत नाही का? अरे, विचारलंय तर उत्तर नको द्यायला?" असे ते मुलांना म्हणत. माझे प्रत्येक पान त्यांनी अल्लाच्या नावाने सुरू केले होते. त्यांचा एक शिष्य फार हुशार. त्याला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखे जपले. डोळे गेले तेव्हा त्यांनी मला त्याच्याच हाती दिले. "याची एक प्रत करून ठेव, बाळा. मी गेल्यावर मुलांना लागेल."

शिष्याने प्रत केली नाही. मोठ्या मशिदीत प्रवचनकाराची जागा रिकामी झाली होती आणि तिथल्या मंडळींना तर्काचे वावडे होते. त्याने झपाट्याने तर्काविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि मला काखोटीला मारून पुस्तके बांधणाऱ्याकडे गेला. त्या काळी जुने कागद एकावर एक चिकटवूनच पुठ्ठा करत.

"हे उस्तादांचं अक्षर ना?" कारागीर चाचरला.

"रद्दी आहे. चिकटव."

"पण यात अल्लाचं नाव आहे. त्याला खळ कशी लावू?"

"तेवढं कापून घे. उगाच पाप नको."

पाप नको म्हणे! कारागिराने पान उलटले, तिथे नाव होते. पुढचे उलटले, तिथेही होते. सबंध दिवस तो बिचारा कापत बसला. नावे त्याने स्वच्छ फडक्यात बांधली आणि भोके पडलेला मी खळीत गेलो. त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही.

ग्रंथ गाजला. त्यातला पहिलाच युक्तिवाद ऐका. जे जे वाट चुकवते ते निषिद्ध. तर्क वाट चुकवतो. म्हणून तर्क निषिद्ध. ही मांडणी माझ्याच तिसऱ्या धड्यातली! गुरूची विद्या गुरूला, दुसरे काय.

जागा मिळाल्यावर शिष्य तो ग्रंथ घेऊन उस्तादांना भेटायला आला. त्यांनी वेष्टनावरून बोटे फिरवली.

"बांधणाऱ्याने कसूर केलीये रे. आत जागोजागी पोकळ लागतंय."

शिष्य ग्रंथ परत घ्यायला पुढे झाला, पण उस्तादांनी तो मांडीवरच ठेवला.

"आणि माझं पुस्तक?"

"सुरक्षित आहे, उस्ताद. चांगल्या बांधणीत आहे."

उस्तादांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. मी त्यांच्या मांडीवर होतो आणि मला ओरडता येत नव्हते. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मी तिथे पाहिले. महिन्याभरात उस्ताद गेले. शिष्याने खांदा दिला. लोक म्हणाले, "शिष्य असावा तर असा!"

मित्रांनो, माझे आता काही होणे नाही. मला सोलून काढलेत तरी वाचता येणार नाही. पण कोणी विश्वासाने हाती दिलेले पुस्तक तुम्हाला पटले नाही, तर त्याच्याशी भांडा. समासात लिहून भांडा, हवे तेवढे कडक लिहा. उस्तादांनी माझ्या प्रत्येक पानाचा समास चार बोटे रुंद सोडला होता, तो त्या शिष्याच्या शंकांसाठीच.